झी/२८ की जीटी ३५०आर? आधी स्वतःला ओळखा, मग गाडीखाली झोपा

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाचं ताट घेऊन उभा होतो तेवढ्यात एक ओळखीचा मुलगा मला कोपऱ्यात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, काका, एक विचारायचंय, झी/२८ घेऊ की जीटी ३५०आर, पैसे एकाच गाडीचे आहेत आणि घरी अजून काही बोललो नाहीये. आवाज असा की वाटावं पोरगा काहीतरी भानगड सांगतोय. मग काय, मसालेभात ताटातच थंड झाला आणि पार्किंग लॉटमध्ये आमचा दीड तास गेला. तिथं जे बोललो ते इथं क्रमाने लिहून काढतोय. मी डेट्रॉइटच्या बाहेर राहतो, पोट गाड्यांच्याच धंद्यावर चालतं (एका सप्लायरकडे, सीटच्या फ्रेम, ग्लॅमर शून्य) आणि हाच घोळ काही वर्षांपूर्वी मी स्वतः सात-आठ महिने घातलाय.

आधी दोघींची ओळख

कॅमेरो झी/२८ ची २०१४ आणि २०१५ अशी दोनच मॉडेल वर्षं, म्हणजे मी बोलतोय त्या नव्या अवताराची, नाव तसं १९६७ चं आहे, ट्रान्स-ॲम रेसिंगसाठी शेव्हीने (शेव्हर्लेने) काढलेल्या गाडीचं. हिच्यात ७ लिटरचं एलएस७ व्ही८, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, ५०५ हॉर्सपॉवर, ४८१ पाउंड-फूट टॉर्क, ड्राय संप (इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत), टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि गिअरबॉक्स फक्त सहा गिअरचा मॅन्युअल. ब्रेक ब्रेम्बोचे कार्बन सिरॅमिक. शॉक कॅनडातल्या मल्टिमॅटिकचे स्पूल व्हॉल्व्हवाले, सरळ रेसिंगमधून उचललेले. टायर चारही ३०५ रुंदीचे, हो, पुढचेसुद्धा, आणि ते इतके चिकट की टेस्टिंगमध्ये ब्रेक मारला की रिम टायरच्या आत फिरायला लागलं, म्हणून शेवटी रिमची कड ब्लास्टिंग करून खरबरीत करावी लागली. वजन वाचवायला मागची काच ३.५ ऐवजी ३.२ मिलिमीटर केली, डिकीतलं कार्पेट काढलं, स्पीकर एकच ठेवला आणि तोही गाण्यांसाठी नाही, सीटबेल्टची टिंगटिंग वाजायला पाहिजे म्हणून. एसी ऑप्शनल! ७५,००० डॉलरच्या गाडीत एसीचे वेगळे पैसे.

दुसरी फोर्डची मस्टँग शेल्बी जीटी ३५०आर, २०१५ ते २०२०. ५.२ लिटरचं व्ही८, ५२६ हॉर्सपॉवर, टॉर्क ४२९, आणि लाल रेघ ८,२५० आरपीएमला. हिची सगळी गंमत त्या फ्लॅट प्लेन क्रँकमध्ये आहे. साध्या अमेरिकन व्ही८ चा क्रँक समोरून बघितला तर अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, हिचा सरळ एका रेषेत, १८० अंशात. त्यामुळे डावी-उजवी बाजू आलटून पालटून पेटते, एक्झॉस्ट मोकळा वाहतो, इंजिन वर वर चढतच जातं आणि आवाज येतो तो गडगडाट नाही, किंकाळी. बदल्यात काय मिळतं, तर थरथर. गिअर नॉबमधून, पेडलमधून, सीटमधून. हीसुद्धा फक्त मॅन्युअल, आणि चाकं कार्बन फायबरची, ऑस्ट्रेलियातल्या कार्बन रिव्होल्यूशनकडची, साध्या ॲल्युमिनियमच्या चाकाचं वजन ३३ पाउंड तर याचं १८. मागची सीट काढून टाकलेली, सुरुवातीच्या वर्षांत एसी आणि स्टिरिओ पण काढलेला, पाहिजे तर पॅकेज घेऊन परत बसवायचा. कॅमेरोपेक्षा साधारण दीडेकशे पाउंडांनी हलकी.

साधी जीटी ३५० (आर नसलेली) हा तिसरा पर्याय असतोच आणि तो वाईट अजिबात नाही, त्याबद्दल पुढे.

पायरी पहिली: वर्षाचे दिवस मोजा

ही पायरी सगळे टाळतात आणि डायरेक्ट यूट्यूबवर आवाज ऐकत बसतात. एक कागद घ्या. मिशिगनमध्ये मिठाचे रस्ते नोव्हेंबर ते एप्रिल, ते महिने गेले. उरले सहा-साडेसहा महिने, त्यातले शनिवार-रविवार पन्नास-पंचावन्न दिवस, त्यातून पाऊस, मुलांचे सॉकर, भारतातून आलेले आईवडील, नायगारा दाखवायला नेणं (या दोन्ही गाड्यांतून आईवडिलांना नायगारा दाखवता येत नाही हे आधीच सांगतो), असं करत माझ्या हातात बावीस दिवस उरले होते. आता त्या बावीस दिवसांत करणार काय? ट्रॅकवर जाणार, की वुडवर्ड ॲव्हेन्यूवर संध्याकाळी फेरी मारून आइस्क्रीम खाऊन परत?

कारण इथंच निम्मा निकाल लागतो. ट्रॅक म्हणजे जिंजरमन, वॉटरफर्ड हिल्स, ग्रॅटन असं वर्षातून पाच-सहा वेळा खरंच जाणार असाल तर झी/२८ त्यासाठीच जन्माला आलेली गाडी आहे. ती रस्त्यावर थोडी चिडलेली असते, खड्ड्यात कण्हते, पण तिसऱ्या लॅपनंतरसुद्धा ब्रेक पहिल्या लॅपसारखेच लागतात. उलट रस्त्यावर फिरायचं, बोगद्यात खिडकी खाली करून तिसऱ्या गिअरमध्ये आठ हजारापर्यंत न्यायचं, मुलाला शेजारी बसवून हसवायचं, हे असेल तर शेल्बी. तिचे शॉक मॅग्नेराइडवाले, इलेक्ट्रॉनिक, नॉर्मल मोडला टाकले की बऱ्यापैकी माणसात येते. बऱ्यापैकी म्हणतोय हं. रुंद टायरमुळे रस्त्याची प्रत्येक चाकोरी पकडून स्टिअरिंग इकडून तिकडे ओढते, आय-७५ हायवेवर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत दोन्ही हात स्टिअरिंगवरच पाहिजेत.

आणि तिसरा प्रकार असतो, जो कबूल करत नाही: गाडी घेऊन झाकून ठेवणारा, पाच वर्षांनी विकणारा. तुम्ही ते असाल तर मग चालवण्याचा विचार सोडा, कमीत कमी मैल, मूळ कागद आणि दुर्मीळ ऑप्शन एवढंच बघा. २०१५ मॉडेल वर्षाच्या जीटी ३५० फक्त १३७ बनल्या, त्यातल्या आर ३७, असले नग त्या लोकांसाठी. मला स्वतःला ही जमात कळत नाही पण पैसे ज्याचे त्याचे.

पायरी दुसरी: दोन्हीत बसा, आणि थंड इंजिनावर बसा

टेस्ट ड्राइव्ह म्हटलं की विकणारा गाडी गरम करून, पुसून, दारात लावून ठेवतो. फोनवरच सांगायचं, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा-कॉफी घ्या, तासभर गप्पा मारा, मग चालू करा, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी या. थंड स्टार्टला इंजिन जे बोलतं ते नंतर बोलत नाही.

बसल्यावर बघायच्या गोष्टी साध्या आहेत पण त्याच पुढे रोज टोचतात. कॅमेरोची खिडकीची रेघ इतकी उंच की बंकरमध्ये बसल्यासारखं वाटतं, लेन बदलताना मागचं दिसत नाही. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली पट्टी) एवढा खाली की तुमच्या घरचा ड्राइव्हवे तिरका असेल तर पहिल्याच दिवशी खर्रर्र आवाज येणार. मी मोजपट्टी घेऊन गेलो होतो. विकणाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की हा काय वेडा आहे, पण घरी येऊन पुठ्ठ्याचा तुकडा तेवढ्या उंचीवर धरून ड्राइव्हवेवर सरकवून बघितला तेव्हा कळलं की गाडी सरळ नेली तर घासणार, तिरकी नेली तर जाईल. मस्टँगमधून बाहेरचं दिसतं चांगलं, सीटा दोन्हीच्या रेकारो, कंबर रुंद असेल तर दोन्ही बोचतात, आपण जेवणारी माणसं आहोत, याचा विचार करा.

एसीचं सांगायचं तर बायको शोरूममध्येच म्हणाली, एसी नसलेल्या गाडीत बसायचं होतं तर वडिलांची फियाट काय वाईट होती. त्या दिवशी एसी नसलेले सगळे नग माझ्या यादीतून गेले. हसण्यावारी नेऊ नका, जुलैत काचा खाली करून ९० डिग्री फॅरनहाइटमध्ये सिग्नलला उभं राहून बघा.

पायरी तिसरी: वर्ष आणि ऑप्शन

झी/२८ मध्ये इथं डोकं फारसं लागत नाही. दोन वर्षं, जवळपास एकच गाडी, एसीवाली घ्या, विषय संपला.

शेल्बीत मात्र थोडा अभ्यास आहे. आर मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचे जादाचे कूलर येतात. साधी जीटी ३५० बघत असाल तर २०१५-१६ च्या ज्या गाड्यांना ट्रॅक पॅक नव्हतं त्यांना गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचे कूलर नव्हते, त्या ट्रॅकवर तापून ताकद कमी करायच्या, त्यावरून पुढे कोर्टकचेरी पण झाली. २०१७ पासून ते पॅक सगळ्यांना दिलं. म्हणजे साधी घ्यायची तर २०१७ किंवा पुढची. २०१९ ला साध्या गाडीची सस्पेन्शन, एरो आणि टायर सुधारले, मला विचाराल तर ज्याला ट्रॅकला वर्षातून एकदाच जायचंय आणि मागची सीट पाहिजे त्याने आर चा नाद सोडून २०१९-२० ची साधी जीटी ३५० घ्यावी, वाचलेल्या पैशात टायर येतात. आणि सुरुवातीच्या गाड्यांवर ऑइल कूलरच्या पाइपचा रिकॉल होता, तो झालाय का ते एनएचटीएसएच्या (सरकारी रस्तासुरक्षा संस्थेच्या) साइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चासी नंबर, टाकून दोन मिनिटांत कळतं.

पायरी चौथी: नग शोधा, मॉडेल नाही

इथपर्यंत आलात की तुमचं मन एका बाजूला झुकलेलं असणार. तरी दोन्हीकडची दारं उघडी ठेवा, कारण एवढ्या कमी गाड्या आहेत आणि त्या एवढ्या वेगवेगळ्या पद्धतीने वापरल्यात की उत्तम ठेवलेली झी/२८ ही रगडलेल्या शेल्बीपेक्षा केव्हाही बरी, आणि उलटंही तितकंच खरं. माझी तर सुरुवात शेल्बी घ्यायची म्हणून झाली होती.

कागद असे बघायचे: मूळ विंडो स्टिकर (नवी असताना काचेवर असते ती किंमत आणि ऑप्शनची यादी), सर्व्हिसच्या पावत्या, टायटल म्हणजे मालकीचा कागद क्लीन आहे की रीबिल्ट (मोडीत गेलेली परत उभी केलेली), आणि कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट. कारफॅक्स स्वच्छ म्हणजे गाडी स्वच्छ असं नाही, इन्शुरन्सला न कळवता बाहेर केलेलं काम तिथं येत नाही आणि ट्रॅकवर ठोकलेली गाडी तर हमखास गुपचूपच दुरुस्त होते. झी/२८ च्या नावाखाली साध्या कॅमेरो एसएस ला स्प्लिटर आणि बॅज लावलेल्या गाड्या फिरतात, म्हणून आरपीओ कोडांच्या (कारखान्यात काय काय बसवलं त्याच्या यादीच्या) स्टिकरवर एलएस७ लिहिलंय का बघा. शेल्बीत डॅशबोर्डवर नंबरची पट्टी असते, ती आणि विंडो स्टिकरवर आर लिहिलंय का, हे दोन्ही जुळवा.

मालकाला विचारायचा माझा आवडता प्रश्न: तेल कुठलं घालता? शेल्बीवाल्याने ५डब्ल्यू-५० न अडखळता सांगितलं पाहिजे. दुसरा प्रश्न झी/२८ वाल्याला: तेल कसं चेक करता? ड्राय संपची डिपस्टिक थंड इंजिनावर खोटं बोलते, इंजिन पूर्ण गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांतच बघायची असते. जो म्हणाला सकाळी गॅरेजमध्ये चेक करतो, त्याची गाडी मी बघायलाही गेलो नाही.

पायरी पाचवी: गाडीखाली झोपा

ओहायोत एक शेल्बी आर बघायला गेलो होतो, चार तास ड्रायव्हिंग करून. जाहिरातीत लिहिलेलं, एकदाही ट्रॅकवर नेलेली नाही, एकच मालक, लेकरासारखी जपली. गाडी चकचकीत, नखासारखी. मी टॉर्च घेऊन मागच्या चाकामागे हात घातला तर आतल्या लायनरला रबराचे वाटाण्याएवढे काळे गोळे चिकटलेले, बोटाने ओढले तर चिकट तार निघाली. रस्त्यावर चालवून असले गोळे येत नाहीत, ते ट्रॅकवर कोपऱ्याबाहेर पडलेलं टायरचं रबर असतं. मग दारावर तिरका टॉर्च मारला तर टेपच्या गोंदाची अगदी पुसट रेघ, नंबर लावतात ना, तसली. आणि उजव्या पुढच्या कार्बन चाकाच्या आतल्या कडेला नखाएवढा टवका, वरून काळा रंग मारलेला. मालकाला दाखवलं तर म्हणतो, आधीपासूनच असेल. एकच मालक ना रे बाबा तू? परत येताना टोलेडोला पिझ्झा खाल्ला आणि घरी आलो.

ट्रॅकवर गेलेली गाडी वाईट नसते, त्यासाठीच बनवलीये. खोटं सांगितलेलं वाईट, कारण जो हे लपवतो त्याने गिअर चुकून इंजिन भलत्या आरपीएमला गेलेलंही लपवलेलं असू शकतं.

म्हणून पैसे देण्याआधी त्या इंजिनाची माहिती असलेल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यायची, काही शे डॉलर जातात, जाऊ द्या. काय काय करायला सांगायचं ते सांगतो.

एलएस७ चा प्रसिद्ध आजार म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात वर-खाली सरकतो ती नळी) झिजणं. गाइड झिजली की व्हॉल्व्ह डुगडुगतो आणि अगदी वाईट वेळी तुटून सिलिंडरमध्ये पडतो, मग सात लिटरचं इंजिन म्हणजे भंगार. तपासायची पद्धत अशी की व्हॉल्व्ह कव्हर उघडून स्प्रिंग काढतात आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला डायल गेज लावून तो किती हलतो ते मोजतात. प्रत्येक विकणारा हे करू देईल असं नाही, मग पावत्या बघायच्या, कुणी हेड काढून गाइड बदलून घेतलेत का. गंमत अशी की कलेक्टर लोकांना हेड उघडलेली गाडी नको असते आणि चालवणाऱ्याला तीच पाहिजे असते. या फटीत बरी किंमत मिळते.

शेल्बीच्या इंजिनाची ख्याती तेल पिण्याची. थोडं पिणं तिच्या स्वभावातच आहे, प्रत्येक टाकीला डिपस्टिक बघायची सवय लागते, पण किती पिते ते मालकाकडून आकड्यात घ्या. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो) दोन्ही टेस्ट करा, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे आहेत का ते बघा. बऱ्याच गाड्यांची इंजिनं वॉरंटीत बदललेली सापडतील. घाबरू नका, कागद नीट असतील तर चालवणाऱ्यासाठी ते वाईट नाही, फक्त किंमत थोडी पाडून मागा.

झी/२८ च्या कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्क जाडीवरून नाही तर वजनावरून बाद होतात, कमीत कमी वजन डिस्कवरच कोरलेलं असतं. म्हणजे डिस्क काढून काट्यावर ठेवायची. मेकॅनिकला हे सांगितलं तर नव्वद टक्के वेळा तो म्हणेल, बघून चांगली दिसते. दिसण्यावर जाऊ नका, चारही बदलायच्या म्हटल्या तर बिल हजारोंच्या भाषेत बोलतं. तसंच शेल्बीची कार्बन चाकं: आतून बाहेरून, टायरवाल्याने मशीनवर चढवताना ओरखडलीत का, कडेला टवके आहेत का. एका चाकाच्या किमतीत चांगल्या सायकली येतात, त्याही चार-पाच.

टायरवर DOT या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१५ असेल तर २०१५ चा बत्तिसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत मूळ टायर असतात, नक्षी पूर्ण आणि रबर दगड. तसल्या टायरवर ५०० हॉर्सपॉवर म्हणजे ओल्या शेणावर चप्पल घालून पळणं. नवीन सेट किमतीतून वजा करा.

मी शेवटी घेतलेली झी/२८ तिसऱ्या मालकाकडची, २७,००० मैल चाललेली, पुढच्या बंपरवर दगडांचे टवके, आणि सोबत तीन इंच जाड फाइल. हेड उघडून गाइड बदललेत, जुन्या गाइडचं मोजमाप हाताने लिहिलेला कागदसुद्धा त्यात. त्याच आठवड्यात ४,००० मैलवाली, काचेसारखी, पण एकही कागद नसलेली दुसरी झी/२८ जास्त पैशाला होती. मी दोनदा विचार केला नाही.

पायरी सहावी: हिशेब

गाडीच्या किमतीवर मिशिगनमध्ये ६ टक्के सेल्स टॅक्स, खाजगी माणसाकडून घेतली तरी, तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (गाडी नावावर होते त्या ऑफिसच्या) खिडकीवर भरायचा असतो आणि तिथं गेल्यावर आठवला तर तोंड पडतं. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधी ठरलेलं, नाहीतर कंपनी तुमच्या झी/२८ ला कॅमेरो म्हणून मोजेल. असली पॉलिसी देताना ते गॅरेज आहे का, रोजची दुसरी गाडी आहे का हे विचारतात. ट्रॅकवर ती चालत नाही, ट्रॅक डे चा विमा वेगळा.

पेट्रोलचं विचारू नका. बरं विचारलंच आहे तर ईपीएचा (सरकारी पर्यावरण खात्याचा) आकडा शहरात झी/२८ ला १३ आणि जीटी ३५० ला १४ मैल प्रति गॅलन, दोन्ही प्रीमियमच पितात. टायर ट्रॅकवर नेले तर सीझनला एक सेट धरा. तेल दोन्हीत दहा क्वार्टच्या आसपास लागतं, पाच नाही. माझा नियम असा की गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेर आहे, मग थोडी थांबून किंवा साधी जीटी ३५० घेऊन मोकळं व्हा.

किंमत ठरवताना जाहिरातीतले आकडे बघू नका, ते मागणीचे असतात. ब्रिंग अ ट्रेलर वगैरे लिलावांवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती दिसतात, मागच्या सहा महिन्यांतले तुमच्या मैलांच्या जवळचे पाच-सहा सौदे काढा. नवी असताना झी/२८ ७५,००० ची होती, आर सुरुवातीला साठ-पासष्ट हजारांच्या घरात आणि २०२० पर्यंत सत्तरच्या वर, तेवढंच डोक्यात ठेवून भाव केलात तर फोन ठेवून देतील. मोसम मात्र आपल्या हातात असतो. ऑक्टोबरच्या शेवटी, बर्फाच्या तोंडावर, गॅरेजमध्ये जागा नसलेला मालक फार समजूतदार होतो.

भारतातल्यांसाठी थोडं

पुण्याहून भाचा विचारत असतो, मामा, एक पाठव ना कंटेनरमधून. बाळा, या दोन्ही गाड्या फक्त डाव्या स्टिअरिंगच्या बनल्या, आणि भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, म्हणजे दोन्ही दारं बंद. तिकडे २०१६ पासून फोर्डने मस्टँग जीटी अधिकृत विकली होती, ५ लिटर व्ही८, उजवं स्टिअरिंग, तिच्यातली एखादी नीट ठेवलेली मिळाली तर वरची पाचवी पायरी जशीच्या तशी वापर, फक्त गाइडचा भाग सोड आणि स्पीडब्रेकरवर पोट घासल्याच्या खुणा आधी बघ.

पायरी सातवी: घेतल्यानंतरचा पहिला आठवडा

चालवायची घाई होते, माहितीये. तरी आधी तेल बदला, आणि काढलेल्या तेलाचं सॅम्पल लॅबला पाठवा, तीस-चाळीस डॉलरमध्ये कुठला धातू किती झिजतोय ते कळतं, दर तेल बदलाला पाठवत राहिलात की आलेख तयार होतो आणि आजार तुटायच्या आधी दिसतो. ब्रेकचं तेल बदला, मागच्या मालकाने काय घातलं होतं देव जाणे. चारही बाजूंनी, आतून, खालून फोटो काढून इन्शुरन्सला पाठवा. विंडो स्टिकर स्कॅन करून ठेवा, मूळ कागद गाडीत ठेवू नका.

आणि हे टायर थंडीचे वैरी आहेत. चाळीस-पंचेचाळीस फॅरनहाइटच्या खाली पकड जाते, आणि कडाक्याच्या थंडीत गाडी हलवली तर रबराला सरळ चिरा पडू शकतात. म्हणून पहिल्या बर्फाच्या आधी टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर घाला, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, बॅटरीला मेंटेनर लावा, एक्झॉस्टच्या तोंडात स्टील वूल कोंबा (उंदीर, आमच्या शेजाऱ्याच्या एअरबॉक्समध्ये अख्खं बाळंतपण झालेलं). स्टील वूल कोंबलंय हे चिठ्ठीवर लिहून ती स्टिअरिंगवर चिकटवून ठेवा, एप्रिलमध्ये आठवत नाही. मी पहिल्या वर्षी विसरलो, चालू केल्या केल्या मागे ठिणग्यांसकट तो गोळा उडाला आणि गॅरेजच्या दाराशी ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीत जाऊन पडला. तुळस वाचली.

गणपतीतल्या त्या मुलाने शेवटी काय घेतलं म्हणाल तर अजून काहीच नाही. तीन गाड्या बघून आला, एका शेल्बीचं बॉनेट गरम लागलं म्हणून न बोलता परत फिरला. घरी सांगितलंय म्हणतो आता. येत्या शनिवारी अ‍ॅन आर्बरजवळ एक झी/२८ आहे, एसीवाली, डिस्क तोलायला वजनकाटा माझा नेतोय.